एका गुंडाळीचा डबा

१ डिसेंबर, सोमवार

आजही डबा जसाच्या तसा परत आला. मुद्दाम जास्त नेलती भाजी. मुळ्याचा पाला, मुगाची डाळ पेरून, लसूण ठेचून. चौघांले पुरून उरली असती. उरलीच. सगळीच उरली.

दुपारी एकले रेकॉर्ड सेक्शनच्या मागच्या खोलीत टेबलावर पेपर अंथरायचा आन चार डबे उघडायचे. अकाउंटच्या ठाकरे मॅडम, अटेंडंट शालू, झेरॉक्सवाले झाडे भाऊ आन मी. नियम कोणी केला नाई, पण आहे. पहिले दुसऱ्याच्या झाकणात वाढायचं, आपल्या डब्यातलं आपण शेवटी खायचं. माय होती तोपर्यंत पहिला हात माह्या डब्याले लागायचा. ठा. मॅ. तर झाकण उघडायच्या आतच हिसकून घ्यायच्या, "मंदे, मायनं आज काय धाडलं व?"

मार्चमध्ये माय गेली. तेरवी करून ड्युटीवर आली तेव्हापासून हे असं. माह्या झाकणात तिघंही वाढतात. माह्या डब्यात कोणाचाच चमचा येत नाई. "घ्या ना" म्हणलं की "हो हो, घेतो ना" म्हणतात, आन घेत नाईत.

काय झालं माह्या हाताले? माय असतानाही शेवटची चार वर्षं मीच करत होती स्वयंपाक. नाव मायचं व्हायचं. होऊ देत होती मी.

रात्री तीच भाजी खाल्ली. चांगली झालती. आता हे कोणाले सांगू?

२ डिसें., मंगळ

तपासणीत रक्तातली साखर काठावर निघाली. ओपीडीतली आहार सांगणारी पोरगी, दादाच्या पिंकीच्या वयाची असन. "काकू, घरी कोण कोण असतं?" "मीच." "मग तर एकदम सोपं आहे!" म्हणे. सोपं! पोळी एक, उसळ जास्त, कच्ची भाजी, दही, तेल कमी. लिहून दिलं.

पिंकीले, म्हणजे दादाच्या पोरीले, पुण्याले मेसेज टाकला. उलट तिचा बोलका मेसेज आला: "आत्या, अगं बुरीटो कर ना डब्याला. हेल्दी असतो, सगळं एकातच. भांडीपण पडत नाहीत." सोबत व्हिडिओ. त्यातला माणूस मोठ्या पोळीत राजमा, भात, भाज्या भरते, दोन्हीकडून दुमडते आन गुंडाळून टाकते. तान्हं लेकरू दुपट्यात गुंडाळावं तसं.

पाहता पाहता डोक्यात आलं. नाई खात ना कोणी माह्यातलं? मंग उघडा डबा नेऊच कायले? गुंडाळूनच नेते. ना कोणाले दिसन, ना कोणावर नाई म्हणायची पाळी येईन.

रागातच बरबटी, पिंकीच्या भाषेत चवळी, भिजत टाकली.

४ डिसें., गुरु

बुरीटो, म्हणजे बु., नं. १. राजमा घरात नाई, बरबटी होती, तीच शिजवून अर्धी घोटली. जिरं, तिखट, आमचूर. मूठभर भात. पत्ताकोबी बारीक चिरून. दही रात्रभर फडक्यात टांगलतं. टमाटर, कांदा, सांभार (पिंकीची कोथिंबीर), हिरवी मिरची, सगळं कच्चंच कालवलं, वरून लिंबू. तेल चमचाभर, त्या पोरीनं सांगतलं तेवढंच.

सगळं झकास. पोळीनं दगा दिला. साखरेच्या धाकानं पिठात अर्धी ज्वारी टाकलती. दुमडायले गेली तर टरकन फाटली, बरबटी सारी ओट्यावर. मले हासू आलं. एकटीच बम हासली, पोट दुखेपर्यंत. मंग हासणं थांबलं तर घर एकदम चूप.

चमच्यानं खाल्ला. फाटला तरी चव भारी. ऑफिसात आज साधा डबा, दोडक्याची भाजी. परत आली. लिहायची गरज नाई, पण लिहून ठेवते.

५ डिसें., शुक्र

आज जमला. नुसत्या गव्हाची, तव्याएवढी पोळी. कच्चीपक्की भाजून भरली, आन गुंडाळल्यावर पुन्हा तव्यावर फिरवली. चांदीच्या कागदात बांधून नेला.

ठा. मॅ.: "हे काय व मंदे? बॉम्ब आणला का?"

झाडे भाऊ: "बुरीटो आहे मॅडम तो. माह्या पोरानं दाखवलता मोबाईलवर. नागपूरले भेटते."

हासले सारे. मीही हासली. मंग वाढायची वेळ आली. ठा. मॅ.च्या डब्यात भरलं वांगं. चमचा भरून माह्याकडं वळल्या आन थांबल्या. "झाकण कुठं हाय तुह्यं?"

झाकणच नव्हतं. डबाच नेला नाई तर झाकण कुठून येईन? ताट नाई, वाटी नाई, दोन्ही हात त्या बु.ले धरण्यात गुंतलेले. सोडला तर सुटते. "बरं, खाऊन घे मंग तू," म्हणल्या आन वांगं गेलं शालूच्या झाकणात.

देणं तर बंदच होतं. आता घेणंही बंद. मोठी शहाणी मी! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

बु. चांगला झालता. भिंतीकडं तोंड करून खाल्ला.

७ डिसें., रवि

दादाचा फोन. "काय चाललंय?" "ठीक." "जेवलीस?" "जेवली." "थंडी आहे का तिकडे?" "आहे." मंग त्याले दुसरा फोन आला.

बाजारात गेलती. तुरीच्या शेंगा आल्या. पाव किलो म्हणलं तर भाजीवाली म्हणे, "एवढ्याशा? घेऊन घे ना बाई अर्धा किलो, पोरं खातीन सोले." मी घेतल्या अर्धा किलो. काऊन घेतल्या? पोरं खातीन म्हणून! वा रे वा.

टीव्ही लावून शेंगांचे सोले काढत बसली. माय सोलायले बसली की दोन दाणे तोंडात आन एक वाटीत. मी रागवायची. आता वाटी लवकर भरते.

९ डिसें., मंगळ

डोकं अजून तापूनच आहे. सुरुवातीपासून लिहिते.

सोल्याचे दोन बु. नेले. शिवाय झाकणासकट एक रिकामा डबा, शुक्रवारची अक्कल. टेबलावर सुरीनं कापले, अर्धे अर्धे, पेपरच्या मधात ठेवले. "घ्या," म्हणलं. सगळे एकमेकांकडं पाहायले लागले.

झाडे भाऊ: "नाई नाई, भोयर मॅडम, तुमीच खा."

ठा. मॅ.: "मंग तुले पुरन का व?"

पुरन का! डोक्यात तिडीक गेली. जेवण झाल्यावर शालूले नळावर गाठलं. शालू मडावी, माह्याहून कितीतरी लहान, पण या ऑफिसात माह्याशी सरळ बोलते ती एकटीच.

"खरं सांग शालू. माह्या हातचं काऊन नाई खात तुमी? किळस येते का?"

ती वळली. हात ओले तसेच. "ताई, कायचं बोलून राह्यली तू? तसं नाई व." मंग नळ बंद केला. "तू एकटी. एकटीसाठी किती करत असशीन? त्यातलं आमी घेतलं तर तुले काय उरन? ठाकरे मॅडमच म्हणल्या तेव्हा, तिच्या डब्याले कोणी हात नका लावू, माय गेली तिची, लेकरू उपाशी राहीन. म्हणून आमी..."

लेकरू. एक्कावन वर्षांची बाई मी. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघे वाजतात. लेकरू!

शालूले म्हणलं, जा तू, फायली आल्या असतीन.

१० डिसें., बुध

जेवायले नाई गेली. काम आहे म्हणून सांगतलं. रॅकच्या मागे स्टुलावर बसून खाल्ला बु. फायलींच्या धुळीत दही लागत नाई चांगलं.

किळस येत असती तर भांडता आलं असतं. ही तर माया निघाली. मायेशी कसं भांडायचं माणसानं? पण माय गेल्यापासून कोणी माह्याकडून काईच मागितलं नाई. ना शेजारणीनं वाटीभर साखर, ना दादानं पिंकीसाठी लोणचं, ना डब्यातली भाजी कोणी. सारे द्यायलेच बसले. नुसतं घेऊन घेऊन माणूस पार भिकारी होऊन जाते. हे त्याईले कोण सांगन? मले तर नाई जमत.

आन मी शहाणी त्यात बु. घेऊन जाते! एका माणसाची एक गुंडाळी. दुरून पाह्यलं तरी दिसते, एकटीचं आहे म्हणून. त्यातलं कोण घेईन? मीही नसतं घेतलं.

शालू दारातून डोकावून गेली. मी फाईल शोधायचं नाटक केलं.

१२ डिसें., शुक्र

बु. मोठा पाह्यजे. एवढा मोठा की पाहणाऱ्याले वाटलंच नाई पाह्यजे की हा एकटीचा. पण तेवढी पोळी तव्यावर होत नाई.

झेरॉक्स काढायले गेली तर आठवलं. झाडे वहिनी लंबी रोटी करून देतात ऑर्डरीवर. खाली जाळ, वर पालथा माठ, त्यावर हातभर लांब रोटी, रुमालासारखी मऊ. कशीही दुमडा, फाटत नाई. भाऊले विचारलं, दोन रोट्या भेटतीन का. त्यायनं तिथूनच फोन लावून दिला.

वहिनी हासतच सुटल्या. "दोन रोट्यांसाठी माठ कोण तापवते बाई? माठ हासन मले! रविवारी एका जावळाची ऑर्डर आहे, तेव्हा येजा. हात लावजा थोडा आन नेजा दोन-चार."

खरं आहे. लंबी रोटी एकटीसाठी होतच नाई. पीठ, जाळ, माठ, सगळंच गावजेवणाच्या मापाचं.

रविवारी जायचं कुठंतरी आहे. कपाटातून साडी काढून ठेवली, आन मंग परत आत ठेवली. चुलीपाशी कोण साडी पाहते?

१४ डिसें., रवि

दमली. पण लिहिते.

वहिनीनं पीठ पातळच भिजवलं, आन आपटून आपटून असं केलं की तार सुटत होती. गोळा या हातावरून त्या हातावर, लांबवत लांबवत कोपरापर्यंत, आन फट्कन माठावर. मी टाकली पहिली, तर अर्धी माठावर आन अर्धी चुलीत. जळका वास. वहिनी म्हणे, "होते बाई, पहिली रोटी चुलीचीच असते." दुसरीले भोक. तिसरी गोधडीएवढी जाड. चौथी जमली. हाताले चटका बसला मनगटापाशी, दिसते लाल. त्यायनं खोबऱ्याचं तेल लावून दिलं. कोणी हात धरून तेल लावलं, कितीक दिवसानं. डोळ्यातून पाणी आलं तर धुरावर ढकललं.

त्याईच्या सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. "घरी किती माणसं हो तुमच्या?"

"चार," म्हणलं मी.

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. वहिनीले माहीत आहे मी एकटी. तिनं मान वर केली नाई, माठावरची रोटी काढली, आन निघताना फडक्यात चार रोट्या बांधून दिल्या. वरून म्हणे, "उरल्या तर फ्रिजात ठेवजा, ओल्या फडक्यात."

घरी आली तर अंधार. अंगाले धुराचा वास. आंघोळ उद्यावर टाकली, तसाच राहू दिला.

१५ डिसें., सोम

दोन रोट्या एकावर एक जराशा सरकवून अंथरल्या. घोटलेली बरबटी, परतलेले सोले, पत्ताकोबी, गाजराचा कीस, टांगलेलं दही, टमाटर-कांदा-सांभार. भात नाईच टाकला, साखरेचाही मान राहिला. गुंडाळला तर हातभर लांब. कोणत्याच डब्यात बसन ना. परातीत वाकडा करून ठेवला, वर ताट झाकलं, फडक्यात गाठ मारली, आन ऑटोत मांडीवर घेऊन बसली. ऑटोवाला म्हणे, "काकू, देवाचं आहे का काई?"

टेबलावर फडकं सोडलं. आज "घ्या" म्हणलंच नाई मी. चूपचाप सुरी चालवली.

ठा. मॅ.नं चष्मा सारखा केला. "माय व! हे तर एकटीचं नाई." आन उचलला तुकडा. झाडे भाऊ म्हणे, "रोटी आमच्या घरची, वळखू येते." शालूनं दोन घेतले, वर बोटं चाटली. संपला. पेपरवर नुसती सांभाराची दोन पानं. माह्या वाट्याले टोकाचं बूड आलं, रोटी आन दही, बाकी काईच नाई. परातीवरच्या माह्या ताटात मेथी, कढी, लसणाची चटणी.

घरी येताना परात हलकी. भांडी घासताना गाणं म्हणलं मोठ्यानं. आवाज फाटका आहे माहा, पण ऐकायले कोण आहे?

१६ डिसें., मंगळ

सकाळी दात घासतानाच मनात आलं. शालूनं सांगतलं असन. "ताईले वाईट वाटून राह्यलं, काई करा पण खाऊन घ्या." असंच झालं असन. नाई तर नऊ महिने न हललेला हात एका दिवसात कसा हलला?

म्हणजे पहिले दया म्हणून खाल्लं नाई, आन आता दया म्हणून खाल्लं. मी तिथंच.

शालूले विचारलं, "तू सांगतलं का त्याईले?" "कायचं?" म्हणे, आन हासत फायली घेऊन पळाली. हासण्यावरून काय कळते? ती तर साहेबाच्या शिव्यांवरही हासते.

आज सगळ्यांचं उघड्या डब्यातलं जेवण. मी पोळी आन पालक नेलता. ठा. मॅ.नं घेतला चमचाभर पालक. चमचाभरच. मापून घेतला की मनानं घेतला, काय समजावं?

१७ डिसें., बुध

उपाय सापडला. वाईट आहे, पण आहे.

फ्रिजात दोन रोट्या उरल्या. तसाच मोठा बु. करायचा, मीठ टाकायचं नाई. कशातच नाई. दया असन तर चूपचाप खातीन आन वरून छान झालं म्हणतीन. दया नसन तर तोंड वाकडं करतीन. बस, कळून जाईन एका घासात.

उद्या गुरुवार, ठा. मॅ.चा मार्गशीर्षाचा उपास. परवा.

मायले हे कळलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. अन्नाशी खेळ!

१९ डिसें., शुक्र

नेला अळणी बु. कापताना सुरी दोनदा रोटीवरून घसरली. शालू म्हणे, "ताई, दे मी कापते." नाई दिली सुरी.

झाडे भाऊनं पहिला घास घेतला. थांबले. मंग खाली पाहून चावत राह्यले. "मस्त आहे," म्हणे. शालूनं आपला तुकडा संपवला, वरून पाणी पेली.

ठा. मॅ.नं एकच घास घेतला, कसाबसा गिळला आन तुकडा ठेवला पेपरवर. चष्म्याच्या वरून पाह्यलं माह्याकडं.

"मंदे, मीठ कुठं हाय?"

मी सुरी पुसत राह्यली.

"माय गेली त्याले नऊ महिने झाले व. सुतक कवाचं फिटलं. तू अजून अळणीच खाऊन राह्यली का? आन आमालेही काऊन सुतकात बसवते?"

झाडे भाऊचा घास हातातच. शालूनं डोळे वटारले ठा. मॅ.कडं. मार्चपासून या टेबलावर मायचं नाव कोणी काढलं नव्हतं. माह्यासमोर काढायचं नाई, हेही ठरलेलं असन त्याईचं. मले रडू फुटलं. सगळ्यांसमोर, नाकातून पाणी येईपर्यंत. आन त्यातच हासूही येत होतं, थांबेच ना. शालूनं पाठीवर हात ठेवला तर ठा. मॅ. म्हणल्या, "रडू दे तिले. तेरवीच्या दिवशी नाई रडली ते."

मंग स्वतः उठल्या, गुडघे धरत कॅन्टीनपर्यंत गेल्या, कागदात मीठ घेऊन आल्या. सगळ्यांच्या तुकड्यांवर भुरभुरलं, माह्याही. "आता खा. आन सोमवारी नीट करून आणजो. दही थोडं जास्त टाकजो, मले आवडलं ते."

आणजो म्हणल्या. कोणीतरी मागितलं माह्याकडून.

झाडे भाऊ आन शालूचं काय समजू? माह्यासाठी गिळलं का त्याईनं? शालूले विचारायचं होतं, तोंडावर आलं होतं, नाई विचारलं. हो म्हणली तर काय करीन मी?

घरी सहाले आली. ठा. मॅ. फटकन बोलल्या पण खरं बोलल्या. दुपारच्या डब्याचं सगळं साग्रसंगीत असते माह्यं. सांजच्याले नाई. डबा उरला तर तो, नाई तर वरण उकळते, तसंच पेते. फोडणी नाई देत. माय गेल्यापासून संध्याकाळची फोडणी दिलीच नाई मी या घरात. साखर आहे म्हणून, असं स्वतःले सांगत होती. साखरेचा आन मोहरीचा काय संबंध?

आता वरण उकळून झालं. कढईत चमचाभर तेल टाकून गॅस बारीक केला आन इथं येऊन बसली. लसूण सोलून ठेवला आहे. एवढ्याशा वरणाले, एका वाटीले... कोणासाठी?

उद्या अर्धा दिवस, परवा रवि. सोमवार दूर आहे.

तेल तापलं. वास येऊन राह्यला. उठते, नाई तर जळन.